पाऊणरावांचा पाऊण तास

त्यांचं खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. बाकी सगळा विमानतळ, अगदी वैमानिकांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत, त्यांना पाऊणराव म्हणायचा. तोंडावर काका आणि पाठीमागे पाऊणराव. कारण सव्वीस वर्षांत त्यांना कोणीही विचारलं, "काका, इथून डोंगरापलीकडे जायला विमानाला किती वेळ लागतो?" तर उत्तर एकच यायचं. "पाऊण तास." वारा असो, धुकं असो, विचारणारा मंत्री असो की हमाल असो. चव्वेचाळीस मिनिटं नाहीत, शेहेचाळीस नाहीत. पाऊण तास.

इथला काय आणि पलीकडचा काय, दोन्ही आपले म्हणायला विमानतळ. एक धावपट्टी, एक बैठी इमारत, वाऱ्याची दिशा दाखवणारी एक कापडी पिशवी, आणि दोघांत मिळून एक विमान. दोन पंख्यांचं, अठ्ठेचाळीस खुर्च्यांचं. ते दिवसातून चार वेळा जायचं आणि चार वेळा यायचं. मधे डोंगरांची रांग असल्यामुळे रस्त्याने जायचं तर सात तास, तेही गाडी रुसली नाही तर. त्यामुळे पलीकडची म्हातारी माणसं डोळे, गुडघे, कंबर, जे जे म्हातारपणी कुरकुरतं ते ते सगळं घेऊन सकाळच्या विमानाने इकडच्या मोठ्या दवाखान्यात यायची आणि दुपारच्या विमानाने परत जायची.

पाऊणरावांचं काम विमान सोडण्याचं. उडवायचा वैमानिक, पण उडायचं की नाही हे ठरायचं पाऊणरावांच्या टेबलावर. माणसं किती, सामान किती, पुढे वजन किती नि मागे किती, इंधन किती, डोंगरावर ढग कसे, हे सगळं एका कागदावर मांडून त्यांनी खाली सही केली की मगच विमान हलायचं. त्या सहीने गेलेल्या एकाही माणसाच्या केसाला आजवर धक्का लागला नव्हता. याबद्दल त्यांना कोणी कधी शाबासकी दिली नाही, कारण न झालेल्या अपघाताची बातमी होत नसते.

त्यांच्या हाताखाली नवी होती. दीड वर्ष झालं तरी तिला नवीच म्हणत, कारण तिच्यानंतर कोणी आलंच नव्हतं. महिनाअखेरीस पाऊणराव निवृत्त होणार आणि त्यांची खुर्ची नवीला मिळणार, हे ठरलेलं होतं. खुर्ची म्हणायची आपली एक पद्धत. पाऊणराव त्या खुर्चीवर बसायचे फारच थोडे.

त्याचं असं होतं की विमानाने जमीन सोडलेली डोळ्यांनी दिसली की ते फोन उचलायचे, "सोडलं," एवढंच म्हणायचे, वहीत वेळ टिपायचे आणि खिडकीशी उभे राहायचे. पलीकडून फोन येईपर्यंत उभेच. चहा उभ्याने, हिशोबाचे कागद उभ्याने, डोकं दुखत असलं तर तेही उभ्याने. मग फोन वाजायचा. पलीकडच्या विमानतळावरच्या बाई म्हणायच्या, "पोचलं." हे वहीत टिपायचे, आणि मग बसायचे. परतीच्या फेरीला उलटं. बाई फोनवर म्हणायच्या, "सोडलं," की हे ताडकन उभे, ते इथल्या धावपट्टीवर विमानाची चाकं टेकेपर्यंत. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास, दिवसातून आठ वेळा. त्या बाईंना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सव्वीस वर्षांचा संसार, तोही दोन शब्दांचा.

पहिल्या महिन्यात नवीने विचारलं होतं, "काका, तुम्ही उभे राहून विमान काय जास्त चांगलं उडतं?"

"नाही उडत."

"मग?"

"अगं, वर अठ्ठेचाळीस माणसं अधांतरी लटकलीयत आपल्या सहीवर. त्यांनी चाकं टेकली की आपण बूड टेकायचं. त्याआधी मला बाई बसवत नाही."

नवी तेव्हा हसली होती. घरी जाऊन आईला सांगून पुन्हा हसली होती. पण दुसऱ्या महिन्यात एका वादळी दुपारी, विमान डोंगराच्या वर कुठेतरी असताना, तिच्या लक्षात आलं की आपणही खुर्चीवरून उठून उभ्या आहोत आणि कधी उठलो ते आठवत नाही. त्या दिवसापासून तिने या माणसाची थट्टा मनातल्या मनातही केली नाही. तिला ते फार आवडायला लागले होते, आणि आपल्याला असं काम जमेल का, या विचाराने कधीकधी तिची झोप उडायची.

नवे साहेब आले ते हातात कागद घेऊनच. माणूस वाईट नव्हता. कामाला वाघ होता, फक्त वाघाला सगळीकडे शिकार दिसते तसं यांना सगळीकडे वाया गेलेली मिनिटं दिसायची. मनगटावर भलंमोठं घड्याळ, आणि त्यातलं स्टॉपवॉच जिन्यावर चढतानासुद्धा चालू. त्यांच्या हातातला कागद इंटरनेटवरचा होता. तिथे म्हणे दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ आपोआप समोर येतो.

"अंतर एकशे ब्याण्णव किलोमीटर," साहेबांनी वाचलं. "वेळ, सव्वीस मिनिटं. मी उदार माणूस आहे, पस्तीस धरा. वेळापत्रकात तुम्ही पंचेचाळीस लावलेत. वरची दहा कुणाच्या घरची?"

सकाळी दहा वाजताची फेरी हवेत होती, म्हणून पाऊणराव खिडकीशी उभे होते. मान वळवून ते म्हणाले, "पाऊण तास लागतो, साहेब."

"कशावरून?"

पाऊणरावांनी कपाट उघडलं. आत अकरा जाड वह्या होत्या. साहेबांनी मधलीच एक काढून उघडली. सोडलं, पोचलं. सोडलं, पोचलं. पंचेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, शेहेचाळीस. पानामागून पान, एकही खाडाखोड नाही.

"वैमानिक तर म्हणतात एकतीस मिनिटांत चाकं टेकतात."

"शिकाऱ्याने सांगितलेला वाघ आणि वैमानिकाने सांगितलेली वेळ, दोन्ही आपण मोजून घ्यावीत," पाऊणराव शांतपणे म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. "पोचलं," पलीकडून आवाज आला. त्यांनी टेबलावरची चालू वही ओढली, वेळ लिहिली आणि बसले. पंचेचाळीस मिनिटं झाली होती. साहेबांनी स्वतःच्या घड्याळात बघितलं आणि त्यांचे कान लाल झाले.

जिन्यात त्यांनी नवीला गाठलं. "दहा मिनिटं गुणिले आठ फेऱ्या. रोजची ऐंशी मिनिटं. इकडची तिकडची थोडी मिळवली तर पाचवी फेरी बसते. आणि हा माणूस सव्वीस वर्षं त्या ऐंशी मिनिटांत झोपा काढतोय."

"काका बसतसुद्धा नाहीत, साहेब. झोपतील कुठून?"

"तेच ते. बुधवारी दोनच्या विमानाने मी जातो, तुम्ही चला. घड्याळ लावून बघू. अहवाल तुम्ही लिहायचा, सही तुमची. पस्तीस निघाले तर वेळापत्रक बदलायचं, आणि वेळ फुगवून दाखवली हा शेरा त्यांच्या निवृत्तीच्या फाइलीत जाईल."

पस्तीस लिहिलं तर पाऊण तास जाणार होता आणि त्याबरोबर काकांची सव्वीस वर्षं. शेवटच्या महिन्यात कामचुकार म्हणून शेरा, आणि तोही तिच्या अक्षरात. बरं, खोटं लिहावं, तर कागदावरचा खोटा आकडा म्हणजे हवेतलं खोटं वजन, हे तिला शिकवलं होतं कोणी? काकांनीच. तिने दोन रात्री कूस बदलत काढल्या.

बुधवारी तिने पाऊणरावांना सगळं सांगून टाकलं. तिच्याने लपवणं झालं नाही.

"जा की," ते म्हणाले. "मोजू देत. मोजायला कशाला घाबरायचं?" त्यांनी वजनाचा कागद तिच्यासमोर सरकवला. "तू नि साहेब धरून अठ्ठेचाळीस. भरलंय. साहेबांची बॅग आत नको, मागे टाकायला सांग." त्यांच्या आवाजात काळजीचा मागमूस नव्हता. त्यामुळे नवीला जास्तच काळजी वाटली.

विमानात साहेब पहिल्या रांगेत जाऊन बसले. मानाची जागा. या विमानाचं दार शेपटाकडे असतं आणि पुढे बसणारा सगळ्यांच्या शेवटी उतरतो, हे नवीला माहीत होतं. ती मागे, दाराजवळच्या खुर्चीत बसली. मधल्या खुर्च्यांवर दवाखान्यातून परत निघालेली मंडळी होती. एकाच्या डोळ्यावर पट्टी, दोघींच्या गुडघ्यांना पट्टे, एका आजोबांच्या मांडीवर नवी कोरी काठी, अजून किमतीची चिठ्ठी न काढलेली.

विमानाने जमीन सोडली तेव्हा नवीने घड्याळ लावलं. खिडकीतून खाली पाहिलं तर बैठ्या इमारतीच्या काचेमागे एक बारीक उभी रेघ दिसली. काका. दीड वर्ष ती काचेच्या आतल्या बाजूला होती. आपल्यासाठी कोणी उभं आहे म्हणजे काय, हे तिला वरून पहिल्यांदा कळलं.

डोंगर मागे गेले. विमान वळलं, खाली आलं, हलकेच धक्का बसला. पुढून साहेबांचा आवाज आला, "एकतीस!" त्यांनी मागे वळून नवीला अंगठा दाखवला. नवीनेही पाहिलं होतं. एकतीस मिनिटं आणि दहा सेकंद. वैमानिक खरे होते, इंटरनेट थोडंफार खरं होतं, आणि काका चुकले होते.

विमान इमारतीपर्यंत आलं, पंखे थांबले, मागचं दार खाली उघडून त्याची शिडी झाली. पाच पायऱ्या. शिडीशी एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई येऊन उभी राहिली. पायात रबरी बूट, गळ्यात शिट्टी. हीच ती, नवीने ओळखलं. पलीकडच्या बाई.

त्यांची उतरवून घेण्याची एक रीत होती. त्या कुणाला हात देत नव्हत्या. खालून दुसऱ्या पायरीवर तिरक्या उभ्या राहून त्या फक्त खांदा पुढे करायच्या. "हात धरला की माणूस ओढला जातो," शेजारून उतरणाऱ्या नवीला त्यांनी न विचारता सांगितलं. "खांद्यावर तो आपला आपण टेकतो. पडत नाही आणि मिंधाही होत नाही." काठीवाले आजोबा आले. बाई मोजू लागल्या, "एक. दोन. सावकाश, जमीन कुठे पळून जात नाहीये. तीन." पट्टीवाल्या गृहस्थांना त्यांनी विचारलं, डोळा कुठला? आणि खांदा उघड्या डोळ्याच्या बाजूला नेला. नवी बघतच राहिली. तिने जन्मात इतकं सुबक काम पाहिलं नव्हतं.

आत साहेब अडकले होते. त्यांच्या मागच्या रांगेतल्या, म्हणजे उतरताना त्यांच्या पुढे असलेल्या आजीबाईंची एक चप्पल सापडत नव्हती.

"आजी, जरा लवकर," साहेब म्हणाले.

"मला काय हौस आहे होय रे? वाक नि बघ खुर्चीखाली. तुझे गुडघे शाबूत दिसतायत."

साहेब वाकले. मग गुडघ्यांवर बसले. मग जवळजवळ आडवे झाले. चप्पल तीन खुर्च्या मागे घरंगळली होती. ती हातात घेऊन साहेब दारात आले तेव्हा त्यांची विजार धुळीने माखली होती. चप्पल घालून आजीबाई उतरल्या आणि मागोमाग साहेब तरातरा निघाले, तशी बाईंनी हात आडवा केला.

"हळू. ही शिडी पाच पायऱ्यांची आहे. इथे घाई केली की सहावी पायरी दवाखान्यात लागते." साहेब कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं.

सगळे इमारतीकडे चालले. बाई सगळ्यांच्या मागे, मेंढरं वळवल्यासारख्या. शेवटचे साहेब दारातून आत आले. बाईंनी डोकी मोजली, दार लावलं, भिंतीवरचा फोन उचलला आणि म्हणाल्या, "पोचलं."

नवीने घड्याळात पाहिलं. पंचेचाळीस मिनिटं.

तिने विचारलं, "बाई, तुम्ही हा फोन चाकं टेकल्यावर नाही करत?"

"चाकांशी मला काय करायचंय?" बाई म्हणाल्या. "माणसं दारातून आत आली की पोचलं. तुमच्या घरी कसं असतं? बस गावाच्या वेशीत शिरली की पोचलास म्हणतात का?"

"आणि तुम्ही 'सोडलं' कधी म्हणता?"

"शेवटचा माणूस या दारातून विमानाकडे गेला की. मग तो माझ्या हातून सुटला ना. पुढे तो चढणार, बसणार, पट्टा बांधणार, विमान वळणार, धावणार, ते सगळं वैमानिकाचं."

म्हणजे गोम इथे होती. इकडे काका चाकांवर मोजत होते आणि पलीकडे बाई माणसांवर. शब्द तेच, 'सोडलं' आणि 'पोचलं'. पण दोघांनी त्यांचा अर्थ कधी एकमेकांना विचारला नव्हता. जाताना उतरायची चौदा मिनिटं उड्डाणात धरली गेली, येताना चढायची. सव्वीस वर्षं दोन्हीकडून पाऊण तासच भरत आला, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. आणि त्या चुकीच्या पाऊण तासामुळे वेळापत्रकात ती मिनिटं शिल्लक राहिली, ज्यांत एक बाई खालून दुसऱ्या पायरीवर उभी राहून सावकाश पाचपर्यंत मोजू शकत होती.

साहेबांनी रुमालाने गुडघे झटकले. बराच वेळ झटकले. "ही दहा मिनिटं काढली," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तर त्या आजीला चप्पल न घालता उतरायला लागेल."

"किंवा पडायला," नवी म्हणाली.

"हो. तेही." त्यांनी स्टॉपवॉच बंद केलं. "च्यायला. पाचवी फेरी बसत नाही."

नवीला त्या क्षणी साहेबही आवडले. चूक कळल्यावर गप्प बसणारी माणसं पुष्कळ असतात, मोठ्याने बोलणारी कमी.

परतीच्या फेरीने दोघं आली. विमानाची चाकं टेकलेली पाहून पाऊणराव नुकतेच बसले होते. नवीला वाटत होतं, आता सगळं गोड झालं. तिने आनंदाने सगळा वृत्तांत सांगितला, चपलेसकट. पण ती बोलत होती तसा काकांचा चेहरा उतरत गेला.

"एकतीस?" त्यांनी विचारलं.

"हो, पण..."

"चाकं एकतीस मिनिटांत टेकतात?"

"काका, पण बाई तर..."

"म्हणजे सव्वीस वर्षं मी लोकांना चुकीचं सांगितलं." ते उठले. कपाटातून त्यांनी पहिली वही काढली, पहिलं पान उघडलं आणि खिशातून लाल पेन काढला. "मंत्र्याला सांगितलं. शाळेची सहल आली होती, त्या पोरांना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं असेल. साहेब, तुमचा कागद बरोबर होता. वेळापत्रक बदला. मी लिहून देतो, माझी चूक आहे."

झालं! ज्यांना पाऊण तास खोडायचा होता ते साहेब आता तो वाचवायला धावत पुढे आले आणि ज्यांचा पाऊण तास होता तेच तो खोडायला बसले.

"काका, तो पेन ठेवा," साहेब म्हणाले.

"नाही. चुकीचा आकडा ठेवायचा नसतो."

"अहो, मी सांगतोय ना, वेळ बदलायची नाही!"

"तुम्ही उदार माणूस आहात, साहेब. पण आकड्याला उदारपणा कळत नाही."

हा हट्टी, सरळ माणूस आपल्याच हाताने आपली सव्वीस वर्षं पुसून टाकणार होता, आणि नवीला त्याचा राग येत होता आणि त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं, दोन्ही एकदम. तिने पलीकडचा फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"हॅलो," पाऊणराव म्हणाले. आता विमान जमिनीवर होतं, त्यामुळे पुढे काय बोलायचं त्यांना सुचेना. "मी इकडून. ते, चाकं एकतीस मिनिटांत टेकतात म्हणे."

"टेकत असतील," बाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. त्या फोनवर विश्वास नसल्यासारख्या मोठ्याने बोलायच्या.

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही सांगायचात, सोडलं. मी सांगायचे, पोचलं. यात काय खोटं होतं?"

"पण मी लोकांना पाऊण तास सांगत आलो."

"मग? कोण लवकर पोचलं? एकाचं नाव सांगा. सव्वीस वर्षांत मी एकालाही घाई केली नाही. मला वाटायचं, पलीकडचा माणूस शहाणा आहे, म्हाताऱ्यांचे गुडघे धरून वेळ लावलीय. रोज मनात म्हणायचे, भलं होवो याचं."

पाऊणरावांनी फोन खाली ठेवला. लाल पेनाचं टोपण लावलं. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग चालू वही ओढून त्यांनी त्या दिवसाच्या नोंदीखाली निळ्या शाईने एक ओळ लिहिली. नवीने ती त्यांच्या खांद्यावरून वाचली: 'चाके टेकण्यास एकतीस मिनिटे. पोचण्यास पाऊण तास.'

अहवालात नवीने तेवढंच लिहिलं. साहेबांनी तो वाचून सही केली, आणि फाइलीतल्या शेऱ्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. साहेबांनी पाऊणरावांच्या टेबलावर दोनच्या विमानाचं तिकीट ठेवलं.

"काका, सव्वीस वर्षांत तुम्ही एकदाही या विमानात बसला नाहीत."

"कसा बसणार? मी बसलो तर उभं कोण राहणार?"

"मी," नवी म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पहिली रांग दे मला. सगळे उतरले की उतरेन."

वजनाचा कागद तिने केला. बासष्ट किलोचा एक जास्तीचा माणूस तिने पहिल्या रांगेत मांडला, तेवढं मागे सामान सरकवलं, इंधन बघितलं, डोंगरावरचे ढग दोनदा बघितले. कागद तपासायला तिने तो काकांच्या पुढे धरला. त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. "मी आज प्रवासी आहे," ते म्हणाले आणि आपली पिशवी उचलून रांगेत जाऊन उभे राहिले. नवीने सही केली. दीड वर्षात इतकी जड सही तिने केली नव्हती.

विमानाने जमीन सोडली. "सोडलं," ती फोनवर म्हणाली आणि खिडकीशी उभी राहिली. चहा आला, तो तसाच निवला. एकतिसाव्या मिनिटाला तिला वाटलं, आता चाकं टेकली असतील. पण तो आकडा आता तिच्या कामाचा नव्हता. चाळीस झाली. पंचेचाळीस झाली. फोन वाजला नाही. शेहेचाळीस. सत्तेचाळीस. वह्यांमध्ये शेहेचाळिसाच्या पुढचा आकडा नव्हता, तिने अकराही वह्या पाहिल्या होत्या. साहेब आत आले, तिच्याकडे बघून खुर्ची ओढणार होते, पण मग तेही भिंतीला टेकून उभे राहिले. पन्नास. नवीने वजनाचा कागद पुन्हा डोळ्यांपुढे आणला. बासष्ट किलो पुढे. आपण चुकलो तर नाही? काका आठ वेळा रोज, सव्वीस वर्षं, हे सोसत आले, आणि लोक त्यांना पाऊणराव म्हणून हसले. तीही हसली होती.

बावन्नाव्या मिनिटाला फोन वाजला.

"अहो, उशीर झाला," बाई म्हणाल्या. "ऐकेनात. शेवटी उतरेन म्हणत होते, तर दार उघडायच्या आत मागे येऊन सगळ्यांच्या आधी खाली. दुसऱ्या पायरीवर उभे राहून एकेकाला स्वतः उतरवलं. मोजताना तिसरी पायरी दोनदा मोजत होते, शिकतील हळूहळू. आत्ता दारातून आत आले." मग सव्वीस वर्षं ज्या शब्दाने त्या विमानाची खबर द्यायच्या तो त्यांनी उच्चारला, पण शेवटचं अक्षर त्यांनी बदललं, माणसासाठी बदलतात तसं.

"पोचले."

नवीने वही ओढली. 'पोचलं'च्या रकान्यात 'पोचले' लिहिलं, पुढे बावन्न मिनिटं, आणि मग खुर्ची ओढून बसली.